भुऱ्यासमोर बसून काढलेली चित्रं

माझी चित्रं पोस्टकार्डाएवढी असतात, कधी त्याहूनही लहान. गाय, म्हैस, कोंबडी, बकरी, उकिरडा, बैलगाडीचं चाक. ती पाहून लोक माझ्याबद्दल एक मत करून घेतात. प्रतापनगरातल्या माझ्या मावसबहिणीनं तर मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, की आमची ताई फार शांत, दिवसभर एका जागी बसून एवढुशी चित्रं काढते. मी शांत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी नवऱ्याला पितळी गडवा फेकून मारला होता, आणि तो लागला नाही याचं मला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत होतं. लहान चित्र एका बैठकीत होतं. रंग ओला असतानाच ते पुरं करायचं, दुसऱ्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. राग ओसरायच्या आत चित्र उतरलं पाहिजे, एवढाच त्यामागचा हिशेब.

याच बहिणीनं एकदा नव्या घराच्या बैठकीसाठी चित्र मागितलं. म्हणाली, गाय-वासराचं काहीतरी दे. मी दिलं. आठवड्यानं ती ते वर्तमानपत्रात गुंडाळून परत घेऊन आली. चित्रात वासराच्या नाकात वेसण घालत होते. एकानं मान धरलेली, दुसऱ्याच्या हातात दाभण.

"ताई, यात रक्त आहे गं," ती म्हणाली.

"आहे," मी म्हणाले.

खेड्यातल्या जीवनाचं चित्र म्हटलं की लोकांना संध्याकाळ, धूळ आणि घराकडे परतणाऱ्या गाई हव्या असतात. मीही त्या पाहिल्या आहेत. पण घराकडे परतणाऱ्या गाईच्या पाठीवरचे वळ मला आधी दिसतात, त्याला माझा इलाज नाही.

माझं माहेर नागपूरच्या इतवारीतलं, भांड्यांच्या बाजारामागच्या गल्लीतलं. धान्याच्या गाड्या आमच्या दारावरून जात. गल्लीच्या चढावर बैल घसरला की गाडीवाला त्याला इतका मारायचा, की समोरच्या दुकानदाराला माप थांबवावं लागायचं. मी ओट्यावर बसून पाटीवर तो पडलेला बैल काढायची. पुढे वडिलांनी कौतुकानं मला दोन वर्षं चित्रकलेच्या वर्गात घातलं. तिथे तैलरंग शिकले आणि लगेच लग्न झालं. माहेरून मी रंगाची पेटी आणि चहाच्या खोक्यांच्या फळ्या नेल्या. त्या प्लायवूडच्या फळ्या करवतीनं कापायच्या, सरस आणि सफेदा लावून वाळवायच्या, की झाली चित्राची पाटी. तेल मात्र सासरीच मिळायचं. जवसाचं तेल आमच्या स्वैपाकघरात होतंच. ते उशिरा वाळतं, पण वाळतं.

सासर हुडकेश्वरचं. सत्तर-बाहत्तरचा काळ. हुडकेश्वर तेव्हा नागपूरच्या बाहेर होतं, सगळी शेतं आणि मधून जाणारी गाडीवाट. नवरा सकाळी डबा घेऊन सायकलनं शहरातल्या कचेरीत जायचा तो दिवे लागायच्या सुमारास यायचा. घरात उरायचो आम्ही तिघं. मी, सासूबाई आणि भासरे. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. शेती तेच पाहत. त्यांची बायको मी येण्याआधीच तापानं गेलेली. गावातल्या बाया म्हणत, सुटली.

आमच्याकडे धाकट्याच्या बायकोनं भासऱ्यांसमोर यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, अंगाला अंग लागू द्यायचं नाही. चुकून लागलंच तर दोघांनीही डोक्यावरून पाणी घ्यायचं. ती जिथे असेल तिथे भासऱ्यांनी पाऊल टाकायचं नाही. दाराशी येऊन खाकरायचं, तिनं पदर ओढून निघून जायचं, मग आत यायचं. दोघांनी एकमेकांना काही सांगायचं असेल तर तिसऱ्याला सांगायचं. तिसरं माणूस नसेल तर मांजरीला सांगायचं. "मांजरे, आज भाजीत मीठ नव्हतं," असं भासरे ओसरीवरून म्हणत, आणि मी आतून चुलीला सांगत असे की मीठ संपलं आहे, आणणाऱ्यानं आणावं.

चार वर्षं एका छपराखाली राहून मी त्या माणसाचा चेहरा धड पाहिला नव्हता. पाय पाठ होते. डाव्या अंगठ्याचं नख काळं, टाचांना भेगा. हात पाठ होते, कारण त्या हातांनी काय काय केलं ते मी दाराच्या फटीतून पाहिलं होतं. गड्याला त्यांनी ओसरीच्या खांबाला बांधून मारलं होतं. माझ्या नवऱ्याला, सरकारी नोकरी असलेल्या लग्न झालेल्या माणसाला, त्यांनी अंगणात सगळ्यांदेखत थोबाडीत मारली होती. जनावरांचं तर बोलायलाच नको. मला त्यांचा इतका संताप यायचा, की त्यांची पावलं ओसरीवर वाजली तरी माझ्या हातातली पोळी वेडीवाकडी व्हायची.

चित्रं मी गोठ्यात काढायची. सासूबाईंना टर्पेंटाइनच्या वासानं घेरी यायची, म्हणून त्यांनीच मला तिकडे पाठवलं. आमच्याकडे गोठ्याला कोठा म्हणतात. त्याला दार एकच होतं. छपराची काही कवेलू, म्हणजे कौलं, फुटली होती आणि तिथून सकाळचा उजेड गव्हाणीवर पडायचा. पालथ्या टोपल्यावर पाटी टेकवायची आणि समोर जे असेल ते काढायचं. समोर नेहमी काहीतरी चाललेलंच असे. घार पिल्लू उचलून नेताना कोंबडी तिच्या मागे जमिनीवरून धावत जाते, ते काढलं. बोक्यानं अर्धवट खाऊन ठेवलेलं उंदराचं पोट काढलं. गोऱ्हा खच्ची करतात तेव्हा त्याचे चारी पाय बांधून आडवा पाडतात, त्या वेळी त्याची जीभ मातीला लागते. ती जीभ मी तीनदा काढली, कारण तो रंग मला साधत नव्हता.

भासऱ्यांचा सगळा जीव शंकरपटात होता. आमच्या भागात पिकं निघाली की गावोगावी बैलांच्या शर्यती भरतात, तो शंकरपट. त्यासाठी त्यांनी दोन बैल राखले होते. एक लाल, एक भुरा. ते शेतात जुंपायचे नाहीत. त्यांना सरकीची ढेप, अंडी, तूप, आणि पटाच्या दिवशी बांबूच्या नळ्यातून मोहाची दारू. एवढं लाडानं खाऊ घालायचं आणि मग पळवताना तुतारीनं टोचायचं. तुतारी म्हणजे टोकाला खिळा बसवलेली काठी. तरी बैल मंदावलाच तर भासरे वाकून त्याचं शेपूट दातांनी चावायचे. हे मला नवऱ्यानं कौतुकानं सांगितलं होतं. सांगताना त्याचे डोळे चमकत होते, तेव्हा मी त्याच्यापुढचं ताट उचलून नेलं.

त्या माघात एका पटात भुरा धावता धावता एकदम आडवा वळला. का वळला ते कोणाला कळलं नाही. छकडा उलटला, लाल बैल खाली आला, त्याचा पुढचा पाय मोडला. लाल बैल तिथेच सोडून यावा लागला. भासरे भुऱ्याला घेऊन चालत घरी आले. मी दाराच्या फटीतून पाहत होते. भुऱ्याच्या पुठ्ठ्यावर इतकी भोकं होती, की मागचे पाय गुडघ्यापर्यंत लाल झाले होते. भासऱ्यांचं धोतरही लाल होतं, आणि त्यातलं कोणाचं रक्त किती हे सांगता आलं नसतं. आडापाशी येईपर्यंत ते त्याला टोचतच होते. तिथे भुऱ्यानं मान खाली घातली, मला वाटलं पाणी पितो आहे, आणि मान वर केली तेव्हा भासरे त्याच्या शिंगावर होते.

शिंग मांडीत गेलं होतं. त्यानं त्यांना एकदा उचललं, आपटलं, पुन्हा उचललं. सासूबाई तोंडावर हात धरून उभ्या राहिल्या. शेजारचे तिघे-चौघे काठ्या घेऊन धावले तेव्हा कुठे तो हटला. मला त्या वेळी आनंद झाला. तो मी लपवत नाही.

भासरे होळी होईपर्यंत खाटेवर होते. लोक भेटायला यायचे आणि बैल मारका निघाला, विकून टाका म्हणायचे. आतल्या खोलीत मला त्यांचं उत्तर ऐकू यायचं.

"इकत नाही," ते म्हणत. "कसायाले देत नाही. मी त्याले माह्या हातानं मारीन. रोज थोडा थोडा मारीन."

ते बोलणं नुसतं बोलणं नव्हतं. उठून लंगडत चालता येऊ लागलं, त्या दिवसापासून ते गोठ्यात जायला लागले. बैलगाडीच्या कडेचा लाकडी दांडा, उभारी, उपसून घेऊन जायचे. भुऱ्याला दोन्हीकडून आखूड बांधलेलं, त्याला मागे-पुढे होता येत नव्हतं. स्वैपाकघरात मला फक्त आवाज यायचा. लाकडाचा मांसावर होणारा आवाज धपधप असा नसतो, तो कोरडा असतो. भुरा ओरडायचा नाही, नुसता जोरात श्वास सोडायचा. भासरे बाहेर आले की सासूबाई त्यांना पाणी द्यायच्या. गोठ्याकडे बघायच्या नाहीत.

एक दिवस ते तुतारी घेऊन गेले, तर मारून मारून ती मोडली. तिचा खिळा निघून पडला, काठी त्यांनी गोठ्याच्या कोपऱ्यात भिरकावली. संध्याकाळी ओसरीवर बसून ते सासूबाईंना म्हणाले, "उद्या याचा डोळा काढतो. पहिले एक. दिसणं बंद झालं का मंग पाहू कसा मारते."

त्या रात्री नवऱ्याला मी म्हणाले, तुम्ही काही बोला. तो म्हणाला, "बैल त्याचा हाय. अन् मांडी बी त्याची फाटली." मग कूस बदलून झोपला. गडवा हाताशी नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर गोठ्यात जाऊन बसले. मी काही ठरवून गेले नव्हते. डोळा जायच्या आत तो मला काढून ठेवायचा होता, एवढंच मनात होतं. बैलाचा डोळा काळा नसतो. त्यात तपकिरी आहे, निळसर आहे, आणि कडेला एक गुलाबी रेघ आहे, ती भुऱ्याची तेव्हा लालभडक झाली होती. मी तो रंग मिसळत होते आणि दाराशी खाकरण्याचा आवाज आला.

एरवी मी पदर ओढून उठले असते. त्या दिवशी रंग पाटीवर ओला होता. मी म्हटलं, एवढी रेघ होऊ दे. पुन्हा खाकरणं झालं, जरा मोठ्यानं. रेघ झाली होती, पण मी उठले नाही. तिसऱ्यांदा खाकरून झालं. मी दाराकडे पाठ करून बसून राहिले. पावलं दारात आली, थांबली. उंबरठा ओलांडला नाही. मग बाहेरच्या खांबावर उभारीचा एक तडाखा बसला, असा की छपराची माती माझ्या चित्रावर पडली. आणि पावलं लंगडत निघून गेली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या घरात भासऱ्यांचा हात ज्याच्यावर उठू शकत नव्हता असा एकच जीव होता, आणि तो जीव मी होते. मारायचं तर जवळ यायला हवं, आणि जवळ यायला त्यांना बंदी होती. चार वर्षं ज्या पदराच्या नावानं मी बोटं मोडली, तोच पदर घेऊन मी गोठ्यात ठाण मांडून बसले, तर त्यांना आत येता येणार नव्हतं. मी तिथे एकटीच मोठ्यानं हसले. भुऱ्यानं माझ्याकडे पाहून शिंगं हलवली.

तेव्हापासून मी रोज तिथे बसू लागले. लोक विचारतात, रोज एक चित्र काढायची शिस्त तुम्ही लावून कशी घेतली. शिस्त कसली. मी उठले असते तर बैलाचा डोळा गेला असता.

सकाळची कामं उरकून मी जी जाऊन बसायची ती उन्हं उतरेपर्यंत. अंधारात त्या बैलाजवळ जायची भासऱ्यांचीही छाती नव्हती. मधे स्वैपाकाला उठावं लागलं आणि भासऱ्यांनी संधी साधली, तर उभारीचा पहिला आवाज ऐकताच मी हातात उलथनं असेल तसं घेऊन धावत गोठ्यात शिरायची. मी आत शिरले की त्यांना पाठ फिरवून बाहेर पडावं लागे. पाठ फिरवताना ते दातओठ खात, ते मला न पाहताही कळे. महिन्याचे चार दिवस बायकांनी बाहेर बसायचं असे, आणि आमच्याकडे बाहेर म्हणजे गोठ्याचीच पडवी. त्या दिवसांत तर माझी सोयच झाली.

आमचं भांडण जनावरांमार्फत चाले. ते बाहेर दगडावर बसून कुत्र्याला सांगत, "पाह्य गा, बायकाईले घरात काम नाही राहिलं. कोठ्यात बसून रंग फासून राहिल्या."

मी आतून भुऱ्याला म्हणे, "आयक गा भुऱ्या. मांडी फाटली तरी काहीकाहीची खोड जात नाही."

"त्या बैलाले मी सोडतो का," ते कुत्र्याला म्हणत. "कधी तं उठन."

"मी काही उठून नाही राहिली," मी भुऱ्याला सांगे.

सासूबाईंना मधे पडायची भीती वाटत होती. त्यांनी मला एकदा रागावल्यासारखं केलं. "काहून वं, घरादाराची लाज सोडली का तुनं? भासऱ्याले दारात उभं ठेवते?" एवढं मोठ्यानं, ओसरीपर्यंत जाईल असं. मग चहाचा कप माझ्या टोपल्याशी ठेवत हळूच म्हणाल्या, "बस. होऊ दे तुहं चित्र. घाई नोको करू."

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. भुऱ्याच्या जखमा भरत आल्या, कातडीवर केस न उगवलेले काळे ठिपके राहिले. मी त्याला इतक्या बाजूंनी काढला, की आजही डोळे मिटून काढू शकेन. पण त्याला माझ्याबद्दल काही प्रेम वाटू लागलं असं कोणी समजू नये. मी पाणी ठेवलं की तो पिई, आणि बादली काढून घेताना शिंग उगारी. माशा बसल्या तर कातडी थरथरवी, माझ्याकडे पाहून तशीच थरथरवी. मी त्याच्या पल्ल्याच्या बाहेर बसत असे. आम्ही दोघं एकाच माणसावर चिडलेलो होतो, बाकी आमच्यात काही नव्हतं.

श्रावणात मला हिवताप आला. थंडी वाजून यायची, उतरायची, पुन्हा यायची. उतरली की मी गोठ्यात जाऊन बसायची. सासूबाई नको म्हणाल्या, पण भासरे दगडावर बसलेले मला दिसत होते. त्या दिवशी मी पुन्हा त्याचा डोळा काढत होते. आता त्यात लाली उरली नव्हती, आणि तो बदल मला पाटीवर हवा होता. हात मात्र तापानं कापत होता. एवढ्याशा चित्रात हात कापला की सगळं पुसलं जातं, रंग ओला असतो. चित्रकलेच्या वर्गात आम्हाला अशा वेळी एक काठी वापरायला शिकवलं होतं. काठीचं एक टोक समोर कशावर तरी टेकवायचं, दुसरं डाव्या हातात धरायचं, आणि त्या काठीवर उजवं मनगट ठेवून रंगवायचं. हात कापत नाही.

मी इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात ती मोडकी तुतारी पडली होती. खिळा नव्हता. माझ्या लेखी ती एक हातभर काठी होती, सरळ आणि हलकी, मला हवी तशी. मी ती उचलली आणि टोक गव्हाणीच्या कडेवर टेकवायला पुढे झुकले.

मी भुऱ्याच्या पल्ल्यात गेले होते. पण तो पल्ला मला ठाऊक होता, मी रोज तेवढं झुकून पाणी ठेवत होते. त्या दिवशी माझ्या हातात काठी होती आणि ती त्याच्या तोंडासमोर वर आली होती.

दावं तुटल्याचा आवाज मला आला नाही. मला फक्त त्याचं कपाळ दिसलं, खूप मोठं. शिंग काखेखाली लागलं. आधी दुखलं नाही, नुसतं उचललं गेल्यासारखं झालं, आणि मग भिंत पाठीवर आली. माझा खांदा मोडला तो आवाज मात्र मी ऐकला. मी खाली पडले तर तो वर आला. टोपलं चेचलं, रंगाची पेटी चेचली, टर्पेंटाइन माझ्या डोळ्यांत गेलं. मी हात वर केला, तर त्याच्या खुराखाली गेला. दुसऱ्यांदा त्यानं मला बरगडीत मारलं. मी त्याला शिव्या दिल्या. तोंडात येतील त्या, इतवारीच्या गाडीवाल्यांच्या.

भासरे खाकरले नाहीत. ते दारातून आत आले ते थेट त्याच्या तोंडावर. त्यांच्या हातात काही नव्हतं. दोन बोटं त्याच्या नाकात घालून त्यांनी वेसण पिरगाळली आणि मान वर खेचून त्याला भिंतीशी रेटून धरलं. तो त्यांना हिसके देत होता आणि त्यांची दुखरी मांडी प्रत्येक हिसक्याला वाकत होती. एका हातानं त्याला धरून त्यांनी दुसऱ्या हातानं माझं मनगट पकडलं, मला मातीतून दाराकडे ओढलं, मग वेसण सोडून मला बाहेर काढलं, दाराला अडसर घातला आणि उचलून घेतलं. माझ्या डोक्यावर पदर नव्हता. ओसरीपर्यंत त्यांनी मला तसंच नेलं. त्या दिवशी आम्हा दोघांपैकी कोणीच डोक्यावरून पाणी घेतलं नाही.

दवाखान्यातून मी घरी आले तेव्हा गळ्यापासून कमरेपर्यंत बांधलेली होते. ओसरीतच माझी खाट टाकली. श्वास घेतला की बरगडीत सुरी फिरल्यासारखं व्हायचं. आता घरात सगळ्यांचं एकमत होतं. नवरा म्हणाला, आजच्या आज त्या बैलाचा निकाल लावा. ज्या सासूबाई मला गोठ्यात चहा आणून देत होत्या, त्या म्हणाल्या, आता घरी ठेवू नका, कोणाचा तरी जीव जाईल. आणि मी? पडल्या पडल्या मी त्या जनावराला शाप देत होते. महिनोन् महिने ज्याच्यासाठी मी बसले, चित्र काढलं, वैर घेतलं, त्यानं माझी हाडं मोडली. मला तो मेलेला हवा होता. आणि लवकर हवा होता.

दुपारी सासूबाई शेजारी गेल्या होत्या आणि नवरा कचेरीत. भासरे ओसरीच्या पायरीशी आले आणि खाकरले. मला उठता येत नव्हतं. पदर ओढायला हात उचलला, तो उचलेना. ते थोडा वेळ उभे राहिले, मग माझ्या खाटेपासून चार हातांवर जमिनीवर बसले. त्यांनी कुऱ्हाड आणली होती. दुसऱ्या हातात ती मोडकी काठी होती, तिच्या टोकाला माझा रंग लागलेला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. राक्षसाचा असेल असं मी धरून चालले होते, पण तो चेहरा माझ्या नवऱ्याचाच होता, जास्त उन्हात राहिलेला. दाढी वाढली होती. डोळे पाण्यानं भरले होते, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"मारा त्याले," मी म्हणाले. मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

काठी त्यांनी मांडीवर आडवी ठेवली आणि खिळा होता त्या भोकावरून अंगठा फिरवत बसले.

"हे माही हाय," ते म्हणाले. "तुनं उचलली, अन् त्याले मी दिसलो. त्यानं मले मारलं, बाई. तू मधात होती."

मला राग आला. माझ्या बरगड्या, माझा खांदा, आणि तरी हे सगळं ह्यांच्या दोघांमधलंच होतं.

"मंग कुऱ्हाड काहून आणली?" मी विचारलं.

"सगळे मंतात. तू बी मंतं." त्यांनी कुऱ्हाड माझ्या खाटेकडे सरकवली, जशी कोणी ताट सरकवतं. "तू म्हन, तं आत्ता मारतो. माह्या मनानं आता नाही होत."

मी छपराकडे पाहत पडून राहिले. भुरा गोठ्यात जोरात श्वास सोडत होता, तो इथपर्यंत ऐकू येत होता. माझा श्वासही तसाच येत होता, तुटक आणि नाकातून. मला त्याचा अजून संताप येत होता, आणि समोर बसलेल्या माणसाचा त्याहून जास्त. पण आजवर दुसऱ्याच्या हातावर मी चिडत आले होते, आणि आता तो हात माझ्या एका शब्दाची वाट पाहत बसला होता.

"सकाळपासून त्याले कोनी पानी पाजलं नसन," मी शेवटी म्हणाले. "पाजा जाऊन."

ते खांबाला धरून उठले. कुऱ्हाड माझ्या खाटेपाशीच राहिली.